४के आणि फुल एचडी मॉनिटर एकाच संगणकाला जोडताना येणाऱ्या अडचणी

सातपूर_ड्रॉइंग:
नमस्कार. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सुट्या भागांची ड्रॉइंग करून देण्याचे काम मी घरूनच करतो. माझ्याकडे २१.५ इंची, १९२० × १०८० रिझोल्यूशनचा (म्हणजे आडवे × उभे ठिपके; यालाच फुल एचडी म्हणतात) जुना मॉनिटर होता. गेल्या आठवड्यात त्याच्या डावीकडे २७ इंची, ३८४० × २१६० चा, म्हणजे ४के, नवा मॉनिटर ठेवला. संगणकावर विंडोज ११ आहे आणि दोन्ही पडद्यांचे स्केल (अक्षरे व चिन्हे किती मोठी दाखवायची, ते प्रमाण) १०० टक्के आहे. नव्या पडद्यावरची अक्षरे मुंगीएवढी दिसतात आणि तीच विंडो जुन्यावर सरकवली की ढोबळ होते. माउसचा बाण उजवीकडे नेताना वरच्या भागात भिंत असल्यासारखा अडतो. शिवाय नव्या पडद्यावर तो सलग न सरकता गचके खात सरकतो. दुकानदाराने 'नव्याचेही रिझोल्यूशन १९२० × १०८० करा' असे सांगून विषय संपवला. पण तसेच करायचे होते, तर मी जास्तीचे पैसे मोजले कशाला?

पंचवटीचा_वाचक:
तो सल्ला आपण मानू नये. पॅनेलवरचे, म्हणजे मॉनिटरच्या पडद्यावरचे, ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, त्यामुळे निम्मे रिझोल्यूशन दिले की एका ठिपक्याचे काम चार ठिपके करतात आणि ड्रॉइंगमधल्या बारीक रेघा जाड व दातेरी दिसू लागतात. दोन्ही रिझोल्यूशन मूळचीच ठेवून फक्त स्केल बदलावे. ते किती असावे, हे फूटपट्टीने काढता येते. नव्या पॅनेलची रुंदी सुमारे ५९.८ सेंटिमीटर आहे, म्हणजे सेंटिमीटरला ६४ ठिपके, जुन्याची ४७.६, म्हणजे ४०. नव्यावर १५० टक्के स्केल ठेवल्यास ६४ चे सुमारे ४३ होतात, म्हणून जुना १०० टक्क्यांवरच राहू दिला तरी दोन्हीकडची अक्षरे जवळजवळ सारखी दिसतील.

भिंतीचे कारण असे, की विंडोज पडद्यांची मांडणी ठिपक्यांच्या हिशोबाने करते; टेबलावरचे सेंटिमीटर तिला ठाऊक नसतात. २१६० उंचीच्या पडद्याशेजारी १०८० चा ठेवला, की कडेच्या निम्म्या भागाला शेजारीच उरत नाही. डिस्प्ले सेटिंगमधील चौकोन ओढून धाकटा थोरल्याच्या मध्यावर आणावा आणि 'मल्टिपल डिस्प्लेज'खालचा 'ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज' हा पर्याय चालू करावा.

गचक्यांसाठी रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येते, ते पाहावे. तो बहुधा ३० हर्ट्झ असेल. एचडीएमआय १.४ (संगणक व मॉनिटर जोडणाऱ्या जोडणीची जुनी आवृत्ती) वर ४के चित्र ३० हर्ट्झनेच येते. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ (दुसऱ्या प्रकारची जोडणी) लागते, आणि संगणकाचे पोर्ट, केबल व मॉनिटर यांपैकी एक जरी जुने असले तरी सगळे त्याच्याच चालीने चालते.

गंगापूररोड_७:
वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त आपण कॅड (संगणकावर ड्रॉइंग करण्याचे सॉफ्टवेअर) वापरत असल्याने एक भर घालतो. जुन्या आवृत्तीची सॉफ्टवेअर लॉगिनच्या वेळी मुख्य पडद्याचे स्केल उचलतात आणि दुसऱ्या पडद्यावर गेली, की विंडोज त्यांचे चित्र ताणून किंवा आक्रसून दाखवते. ती अंधुक दिसतात ती त्यामुळे. म्हणून ड्रॉइंग ज्या पडद्यावर करता तोच मुख्य ठरवावा आणि साइन आउट करून पुन्हा आत यावे. पुष्कळ जण हे दुसरे पाऊल विसरतात आणि दोष मॉनिटरला देतात. (मीही दिला होता.)

सातपूर_ड्रॉइंग:
दोघांचेही आभार. रिफ्रेश रेट खरोखरच ३० निघाला. संगणकामागचे एचडीएमआय पोर्टच जुने होते. शेजारच्या डिस्प्लेपोर्टला त्याची केबल लावताच ६० झाले. १५० टक्के स्केलने अक्षरेही जुळली. चौकोन मध्यावर आणल्यावर टेबलावरचा धाकटा मॉनिटरही तेवढाच उचलावा लागला. त्याखाली दोन जाड वह्या ठेवल्या आहेत. एकच विचारतो: विंडो सरकवताना अर्धी पलीकडे गेली, की तिचा आकार एकदम बदलतो. हे बंद करता येईल का?

पंचवटीचा_वाचक:
नाही, आणि तो बिघाडही नाही. विंडोचा मोठा भाग ज्या पडद्यावर असेल त्याचे स्केल ती घेते; म्हणून ती दोन्हींच्या मध्ये अर्धवट न ठेवता पूर्णपणे पलीकडे न्यावी.