आईसाठी आर्ट थेरपी किंवा आधारगट: गावात हे जमेल का?

सुरंगी (गुहागर तालुका)

नमस्कार. आमच्या घरी तीन पिढ्यांची गणपतीची चित्रशाळा आहे. मूर्ती बाबा घडवत आणि डोळ्यांची आखणी आई करत असे, कारण तिचा हात बाबांच्या हातापेक्षा स्थिर होता. मागच्या वर्षी मे महिन्यात बाबा हृदयविकाराने अचानक गेले आणि तेव्हापासून आई विचारले तेवढेच बोलते. आता लोक आपापले पाट आणून ठेवू लागले आहेत. मूर्तींचे काम चुलतभाऊ पाहतो. आई मात्र चित्रशाळेच्या पडवीत पाऊल टाकत नाही. बाबांनी शेवटची वापरलेली रंगाची वाटी तिथे तशीच आहे, तळाशी गुलाबी रंगाला भेगा पडलेल्या, आणि ती उचलायचे धाडस कोणालाच होत नाही.

मुंबईच्या मावसबहिणीने आर्ट थेरपी (कलेतून उपचार) आणि आधारगट (सारखे दुःख असलेल्यांनी एकत्र बसून बोलणे) असे दोन उपाय सुचवले. माझ्या शंका दोन. जे काम आईने आयुष्यभर केले, तेच तिच्यासाठी उपचार कसे ठरणार? आणि गावात असा गट काढला, तर सकाळी बोललेले संध्याकाळी मासळीबाजारात ऐकू येणार नाही कशावरून? (शिवाय इथे ‘गट’ म्हटले की बचतगट समजून बायका पासबुक घेऊन येतात, ते वेगळेच.)

खाडीकाठ (समुपदेशक, रत्नागिरी)

सुरंगीताई, चित्रकलेच्या आधी एक गोष्ट पाहून घ्या. आईंची झोप, जेवण आणि वजन यांत फरक पडला आहे का, आणि ‘आता जगून काय करायचे’ असे त्या कधी बोलल्या आहेत का? तसे असेल, तर हे केवळ दुःख न राहता नैराश्य झालेले असू शकते आणि त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला हवे. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा असते. घरूनच बोलायचे असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता पहिली शंका. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२ साली रूढ केला. क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये पडून असताना तो चित्रे काढू लागला आणि पुढे इतर रुग्णांनाही काढायला लावू लागला. म्हणजे सुरुवातही एका कसलेल्या चित्रकारापासूनच झाली. मात्र उपचारात चित्र चांगले झाले की वाईट, हे कोणी पाहत नाही; ते करताना आणि केल्यावर मनात काय आले, यावर प्रशिक्षित माणसासोबत काम होते. फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात ३९ प्रौढांना ४५ मिनिटे कलाकृती करू दिल्या, तेव्हा सुमारे तीनचतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झालेले आढळले आणि त्यात पूर्वीच्या अनुभवाने विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठा मजला चढवू नये.

आईंच्या बाबतीत मी डोळ्यांच्या आखणीपासून सुरुवात करणार नाही. त्या ब्रशला बाबांची आठवण चिकटलेली आहे. जिथे कौशल्य लागत नाही आणि चुकायची सोय आहे, असे काहीतरी द्यावे. आणखी एक: ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवता येत नाही, आपल्याकडे तसे कुंपण अजून पक्के नाही, तेव्हा पाटी पाहून न जाता प्रशिक्षण कुठे झाले हे स्पष्ट विचारावे.

वाशिष्ठी (शिक्षिका, चिपळूण)

मी माझी चूक सांगते, म्हणजे ती तुमच्याकडून व्हायची नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर शाळा सुरू झाली, तेव्हा मी चौथीच्या वर्गाला ‘पुराचे चित्र काढा’ असे सांगितले, कारण मनातले बाहेर आले की बरे वाटते असे कुठेतरी वाचले होते. एका मुलाने अख्खा कागद तपकिरी खडूने इतका दाबून रंगवला की तो फाटला, आणि मग तो उलट्या करू लागला. पुढे एका जाणकार बाईंनी समजावले, की विषय आपण द्यायचा नसतो. नंतर मी नुसते कागद आणि खडू ठेवू लागले. बहुतेकांनी कित्येक दिवस क्रिकेटच काढले! त्या मुलाने पुढे बऱ्याच दिवसांनी, न सांगता, माळ्यावर बसलेली घरची माणसे काढली. आईंना ‘बाबांचे काहीतरी कर’ असे मात्र म्हणू नका.

पाणंद (वेंगुर्ले)

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. माझ्या थोरल्या भावाच्या दारूपायी मी अल-अ‍ॅनॉनच्या सभांना सहा वर्षे जातो. मद्यपींच्या नातेवाइकांचा हा गट १९५१ पासून चालू आहे. मी मुद्दाम शेजारच्या तालुक्यातली सभा निवडली, दीड तास एसटीने. तिथे आडनाव कोणी विचारत नाही, एक जण बोलत असताना दुसरा मध्ये बोलत नाही आणि न मागता सल्ला देत नाही. हा शेवटचा नियम आपल्या माणसांना सर्वांत जड जातो. पहिले चार महिने मी फक्त ऐकले, तरी कोणी बोलायला लावले नाही.

गावात ‘दुःखाचा गट’ अशी पाटी लावलीत, तर कोणी फिरकणार नाही. त्यापेक्षा हाताला काम असू द्या. आमच्याकडे बायका खळ्यात झावळांचे हीर (केरसुणीच्या काड्या) काढायला बसतात, तेव्हा नजर सुरीवर असते आणि तोंडातून जे निघते ते समोरासमोर बसून कधीच निघत नाही. नवरा गेलेल्या दोनतीन जणी पुरेत. काय ऐकले ते खळ्याबाहेर न्यायचे नाही, एवढे मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आणि जिला ते पाळता येत नाही तिला पुन्हा बोलावू नका, मग ती सख्खी आत्या का असेना.

सुरंगी

सर्वांचे आभार. आईला जिल्हा रुग्णालयात दाखवले. गोळ्या सुरू झाल्या आहेत आणि दर पंधरा दिवसांनी समुपदेशन आहे. काल मी शाडूचा ओला गोळा मागच्या पडवीत, चुलीजवळ ठेवला आणि शेजारच्या काकूंना हीर काढायला बोलावले. त्यांचेही यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. आईने बराच वेळ गोळा नुसता मळला, त्याची एक वाटी केली, मोडली आणि माती पुन्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. बोलल्या त्या काकूच, तेही बहुतेक नारळाच्या भावाबद्दल. जाताना आईने त्यांना विचारले, “मंगळवारी येणार ना?” खाडीकाठ, पुढच्या वेळी मीही तिथे बसावे की दूर राहावे?

खाडीकाठ

बसा, पण तुमचा वेगळा गोळा घेऊन बसा.