घरून शिकणाऱ्या मुलांचं वेळापत्रक कुणाच्या हाती असावं?

सांजवारा:
माझा मुलगा पंधरा वर्षांचा. वर्षभर त्याचं शिक्षण घरूनच चाललंय. सुरुवातीला मी सहाला उठवायचे, ऑनलाइन तासाला शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि सारखी 'झालं का?' विचारायचे. एकदा त्याच्या वहीच्या कोपऱ्यात उभ्या रेघा दिसल्या. दिवसभरात मी 'झालं का' किती वेळा म्हटलं, त्याची मोजणी. चौदा रेघा होत्या. मला रडूच आलं.

आता काय आणि कोणत्या दिवसापर्यंत, एवढंच मी सांगते. कधी करायचं ते तो ठरवतो. गणित तो रात्री आठनंतर करतो. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा स्रवायला लागतं आणि झोप तर 8 ते 10 तास लागते. म्हणजे सकाळी पेंगणारं पोर आळशी नव्हतंच! 'सकारात्मक राहा' म्हणून कुणाला हुरूप येत नाही. दिवस आपला आहे असं वाटलं की येतो.

कोरी पाटी:
ताई, मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला अशीच मोकळीक दिली होती. तीन आठवड्यांत रात्रीचे दोन वाजायला लागले आणि सात असाइनमेंट साचल्या. मग लॅपटॉप उघडायचंच तिच्या जिवावर यायचं. ती खचली ती धाकामुळे नाही, साचलेल्या कामामुळे.

नियोजन करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. ते ओझं एकट्या लेकरावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. झोप उशिरा येते हे खरं, पण रात्रीचा स्क्रीनचा उजेड ती आणखी लांबवतो. आमच्याकडे आता तासांच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि दहा वाजता सगळं बंद. ती पुन्हा हसायला लागली आहे.

गणिताची वही:
मी ऑनलाइन शिकवते. तुम्ही दोघंही घड्याळावरच अडलात. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा मांडल्या: स्वतःचा निर्णय, जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. घरून शिकताना मधली गरज सगळ्यात आधी मार खाते, असं मला रोज दिसतं.

मुलं धडा तीनदा वाचतात, समजल्यासारखं वाटतं, चाचणीत कोरी राहतात आणि म्हणतात, 'मला जमतच नाही.' रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला आठवायला लावणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं. म्हणून तास संपला की मी पुस्तक मिटायला लावते. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं, आठवेल ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात चार ओळी येतात, महिन्याने पान भरतं. ते भरलेलं पान पाहून मुलाचा चेहरा जो खुलतो, तो माझ्या कुठल्याही शाबासकीने खुलत नाही.

कोरी पाटी:
कागदाची युक्ती उद्यापासूनच करतो. पण कागद घेऊन बसायचं कधी, हे कुणीतरी ठरवायला हवंच ना? शिवाय तुमच्या तासाला कॅमेरा बंद ठेवायची मुभा असेल तर मूल तिथे आहे की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?

गणिताची वही:
उत्तरांवरून कळतं. सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं थकवणारं असतं. माझ्या एका विद्यार्थिनीने स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. तिला स्क्रीनवर फक्त स्वतःपुरतं स्वतःचं चित्र लपवायला शिकवलं, तेव्हापासून कॅमेरा चालू असतो.

रानपाखरू:
मी सतरा वर्षांचा आहे, दोन वर्षं घरून शिकतोय. मला सगळ्यात जड गेलं ते एकटेपण. आम्ही चौघं संध्याकाळी कॉल लावून आपापला अभ्यास करतो. कुणी बोलत नाही, फक्त पानं उलटल्याचा आवाज येतो. तेवढ्याने बसवतं. घरचे याला टाइमपास समजून मध्येच बंद करायला लावायचे, तेव्हा फार वाईट वाटायचं.

सांजवारा:
रानपाखरू, मीही माझ्या मुलाचा असाच कॉल दोनदा बंद करायला लावलाय. आज त्याची माफी मागते. कोरी पाटी, झोपेची वेळ ठरलेली असावी, हे तुमचं मान्य. गणित आठऐवजी सातला बसेल का, हे त्याला विचारेन. पण तासांच्या वेळा मी ठरवणार नाही. त्या चौदा रेघा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

कोरी पाटी:
आणि माझ्या डोळ्यांसमोरून त्या सात असाइनमेंट. तो सातला बसला का, ते मात्र इथे नक्की कळवा.