मदत हवी आहे: ओगोनींच्या तेलाचा पैसा गावापर्यंत पोचतो कसा?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात अभ्यासगटात मला नायजेरियातल्या ओगोनी लोकांवर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीये.

१९९० साली त्यांनी हक्कांचा जाहीरनामा काढला: आमचा कारभार आम्ही बघू, आमच्या जमिनीतल्या तेलाच्या पैशात न्याय्य वाटा द्या. १९९५ मध्ये लष्करी राजवटीनं ओगोनींचे नेते, लेखक केन सारो-विवा आणि आणखी आठ जणांना फाशी दिली. इथवर वाचून झालंय.

घोळ पुढे आहे. स्वातंत्र्याच्या वेळी खनिजाच्या रॉयल्टीतला ५० टक्के वाटा ते जिथून निघतं त्या प्रदेशाला मिळायचा. १९९९ च्या राज्यघटनेत तो 'किमान १३ टक्के' झाला, पण जातो राज्य सरकारकडे, गावाकडे नाही! मग २०२१ च्या कायद्यानं तेल कंपन्यांना आदल्या वर्षीच्या चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम स्थानिकांच्या ट्रस्टला द्यायला लावली. ओगोनी भागात तर तेलउपसा १९९३ मध्येच बंद पडला होता. मग त्यांच्या गावांना या ट्रस्टचा काही उपयोग?

ट्रस्टवर माणसं कोण नेमतं, तेही कुणी सांगेल का? मराठीत काही वाचायला असेल तर फारच बरं, इंग्रजीही चालेल. फक्त कायद्याचा मसुदा नको, तो वाचताना दोनदा झोप लागली.