जो-तो मधला 'तो' इंग्रजीत नको

इंग्रजीत 'जो', 'जी', 'जे'साठी 'माणसाला हू (who), वस्तूला विच (which), दोघांना दॅट (that)' हा नेहमी सांगितला जाणारा नियम ठीकच आहे, पण आपल्या चुका बहुतेक तिथे होतच नाहीत. त्या होतात आपल्या जो-तो मुळे. 'मी जे पुस्तक घेतलं ते हरवलं' हे डोक्यात ठेवून आपण 'द बुक दॅट आय बॉट, इट गॉट लॉस्ट' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत 'ते'ला जागाच नाही: 'द बुक दॅट आय बॉट गॉट लॉस्ट'. दोन क्रियापदं शेजारी आली की आपल्याला कसंसंच होतं, पण बरोबर तेच. उलट त्यातला 'दॅट' काढलात तरी चालतं, कारण तो कर्म आहे. 'द मॅन हू केम' मधला 'हू' मात्र कर्ता, त्याला हात लावायचा नाही.

आता स्वल्पविरामाचं सांगतो. 'माय ब्रदर हू सिंग्ज' म्हणजे भाऊ अनेक, त्यातला गाणारा. 'ब्रदर'नंतर स्वल्पविराम दिलात की भाऊ एकच, आणि तो गातो ही जादा माहिती. अशा स्वल्पविरामानंतर 'दॅट' वापरत नाहीत, 'हू' किंवा 'विच'च.

'हूम'चा (whom, म्हणजे 'हू'चं कर्माच्या जागी येणारं रूप) बाऊ नको. बोलताना 'हू' सर्रास चालतं. फक्त 'टू', 'विथ' लगेच आधी आलं तर 'हूम'. आणि हो, 'हूज' (whose, म्हणजे 'ज्याचा') निर्जीव वस्तूंनाही चालतं. 'अ हाउस हूज रूफ लीक्स' अगदी शुद्ध आहे.