चेन डावीकडे घ्यायची आहे: चाक आणि क्रँक उलटे बसवून चालेल का?

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. २६ इंची लोखंडी एमटीबी (डोंगरी सायकल) फ्रेम आहे. सिंगल स्पीड, मागे आडवे स्लॉट, नटांचा एक्सल, मागच्या हबला डावीकडे डिस्कची सहा भोकं. उजव्या चेनस्टेला (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणारा पाइप) चेनव्हीलपाशीच पोचा पडून पाइप बाहेर फुगलाय, तडा नाही, पण चेनव्हील घासतं. डावी बाजू कोरी आहे. विचार असा, की चाक फिरवून बसवायचं, क्रँक इकडचे तिकडे करायचे, चेन डावीकडून घ्यायची. दुकानात विचारलं तर "पेडल गळून पडतील" एवढंच ऐकायला मिळालं, कारण कुणी सांगेना. नेमकं काय काय उलटं होतं आणि काय होत नाही? सायकल सांगली-मिरज सपाटीवरच चालणार आहे.

उलटे_आटे:
दुकानदार बरोबर बोलला, पण अर्धंच. पेडलच्या आधी फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चक्र) अडवेल.

फ्रीव्हीलचे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला कुत्र्यांचा (चाक एकाच दिशेला धरणाऱ्या आतल्या खिट्ट्या). चाक फिरवलं की कुत्री उलट दिशेला धरतात, म्हणजे पुढे पेडल मारलं तर नुसतं टिकटिक फिरेल आणि मागे मारलं तर चाक मागे ओढलं जाईल. दुसरा आट्यांचा. हबवरचे आटे (१.३७ इंच, इंचाला २४) उजवे असतात. उजव्या बाजूला पेडल मारू तसं फ्रीव्हील घट्ट होत जातं, म्हणून तिथे लॉक लागत नाही. डावीकडे तोच जोर त्याला सोडवतो. फ्रीव्हील पालथं घालून कुत्र्यांची दिशा जुळवली तरी आटे सुटतच राहणार. फ्रीव्हील आणि हब यांच्या सांध्यावर भोक पाडून पिन मारायची आयडिया कुणीतरी देईलच. फ्रीव्हीलचं आतलं अंग कडक केलेलं असतं, साधा ड्रिल त्यावर घसरतो.

फिक्स्ड कॉगही (फ्रीव्हील नसलेलं, चाकाबरोबर सतत फिरणारं दातेरी चक्र) तसाच. आटा तोच, वर उलट्या आट्याची लॉकरिंग. डावीकडे पेडलचा सगळा जोर त्या पातळ लॉकरिंगवर येतो. तिथे लॉकटाईटच्या (आटे चिकटवणारा गोंद) भरवशावर बसू नका.

आता पेडल. डाव्या पेडलला डावे आटे, उजव्याला उजवे, दोन्ही ९/१६ इंच, इंचाला २०. बेअरिंग जाम व्हायला लागलं की पेडल सुटतं, म्हणून आटे असे, हे कारण बरेच जण देतात. ते उलटं आहे. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक घड्याळाच्या दिशेने गोल फिरवा. पेन्सिल स्वतः मुठीत उलट्या दिशेला सरकत जाते. पेडलचा दांडा क्रँकच्या भोकात असाच सूक्ष्म घरंगळतो, कारण पायाचा भार दर फेरीला भोकाच्या भोवती फिरतो. बेअरिंगची ओढ याच्या विरुद्ध असते, पण किरकोळ. आटे या घरंगळण्यासाठी ठरवलेत. भार चेनचा नाही, पायाचा, म्हणून चेन कुठल्याही बाजूला न्या, डाव्या पायाखाली डावे आटेच हवेत. उजवा क्रँक डावीकडे नेला की त्यातले उजवे आटे डाव्या पायाखाली आले, आणि पेडल बाहेर यायला लागलं. ॲल्युमिनियमचा क्रँक असेल तर निघताना भोकातले आटे घेऊनच निघतं.

बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या दांड्याचं बेअरिंग) कपांना हात लावू नका. उजव्या कपाला डावे आटे असतात तेही याच घरंगळण्यामुळे, चेनमुळे नाही. ते आहेत तसे राहतात.

थोडक्यात पेडलचे आटे पायाकडून ठरतात, फ्रीव्हीलचे चेनकडून. तुम्ही दोन्ही एकदम उलटे करत होता.

कानस_आणि_लेथ:
वरचं सगळं मान्य. त्यातून सरळ वाट अशी, की चाक फिरवायचंच नाही. तुमच्या हबला डावीकडे डिस्कची सहा भोकं आहेतच. त्यावर रोटरऐवजी (डिस्क ब्रेकची चकती) फिक्स्ड कॉग बोल्टने आवळा. आटेच नाहीत, मग सुटायचं काय? डिशही बदलत नाही, रिम जिथे आहे तिथेच. उजवीकडचं फ्रीव्हील काढलं नाही तरी चालतं.

असे कॉग तयार मिळतात, पण लेझरवर कापून घेता येतो. कुपवाड एमआयडीसीत एक नग कापणारे आहेत, फक्त ड्रॉइंग पूर्ण द्या:

पत्रा ईएन-८, जाडी ३ मि.मी. (१/८ इंची चेनसाठी, ३/३२ ची चेन यावर बसत नाही). साधं एमएस (सौम्य पोलाद) नको, दाते लवकर हुकासारखे होतात. पिच १२.७, रोलर ७.७५. मधलं भोक ३५ मि.मी., हबच्या गोल खांद्यावर हाताने दाबून बसेल इतकं. कॉग मध्यात आणतो तो खांदाच, बोल्ट नाही. सहा भोकं ४४ मि.मी. वर्तुळावर, ५.३ ची.

दाते १६ पेक्षा कमी नकोत. १६ दाती कॉगची पिच त्रिज्या ३२.५ मि.मी., चेनच्या पत्तीची आतली कड साधारण २८ वर येते. बोल्टचं डोकं २२ अधिक साडेचार, म्हणजे साडेसव्वीसपर्यंत. दीड मि.मी. जागा उरते. १५ दाती केला की पत्ती डोक्याला टेकली.

बोल्ट एम-५, पण रोटरचे जुने वापरू नका. रोटर दोन मि.मी. सुद्धा नसतो, कॉग तीनचा. तेवढा बोल्ट आत कमी जातो. ॲल्युमिनियममध्ये किमान ८ मि.मी. आटा पकडला पाहिजे. निळं लॉकटाईट, ५ ते ६ न्यूटन-मीटर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. फिक्स्डमध्ये जोर दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून पहिल्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

एवढेसे बोल्ट टिकतील का, ही शंका येणारच. ७० किलोचा माणूस १७० मि.मी. क्रँकवर उभा राहिला तर साधारण ११७ न्यूटन-मीटर. ३२ दाती चेनव्हीलला १६ दाती कॉग असेल तर हबवर त्याचे निम्मे, ५८. ते २२ मि.मी. त्रिज्येवर सहा बोल्टांत वाटले की प्रत्येकी ४४० न्यूटन. ४५ किलोचं वजन टांगल्यासारखं. एम-५ ला काही होत नाही.

आता क्रँक. कॉटरलेस (चौकोनी भोकाचा) लोखंडी असेल तर डावा क्रँक डावीकडेच ठेवा आणि चेनव्हील त्यावर वेल्ड करा. पेडलचा प्रश्न मुळातच मिटतो. जुन्या स्पिंडलचा (दोन क्रँकांमधला दांडा) तुकडा क्रँकच्या चौकोनी भोकात ठोकून बसवा आणि तो लेथमध्ये धरून क्रँकचं डोकं आतल्या बाजूने गोल करा. बाहेरून मोजून सेंटर काढलं तर चेनव्हील डुलणारच. चेनव्हीलचं मधलं भोक त्या गोलाला घट्ट बसेल इतकं करा. आधी समोरासमोर चार टाके, मग डायलने बघा: अर्ध्या मि.मी. पेक्षा जास्त डुलत असेल तर टाके फोडून पुन्हा. पूर्ण वेल्ड होईपर्यंत स्पिंडलचा तुकडा भोकातच राहू द्या, नाहीतर चौकोन आवळतो आणि क्रँक स्पिंडलवर अर्धाच चढतो. गरम जोडावर पाणी मारू नका, हवेत गार होऊ द्या.

ॲल्युमिनियमचा क्रँक असेल तर हे विसरा. मग टँडेम (दोघांनी चालवायच्या) सायकलचा डावा क्रँक शोधा. टँडेमची मधली चेन डावीकडून जाते, त्यामुळे त्यावर चेनव्हीलचे हातही असतात आणि आटेही डावेच. महाग पडतो.

कृष्णाकाठ_सांगली:
लईच कामाचं. क्रँक लोखंडी कॉटरलेसच आहेत. मापं घेतली. फ्रेमच्या मध्यापासून डिस्कच्या बैठकीवर कॉगचे दाते ५१ मि.मी. वर येतात. पुढे डाव्या क्रँकवर चेनव्हील नुसतं धरून बघितलं तर ४६. स्पिंडल ११३ चा. पाच मि.मी. चा फरक चालेल का? आणि फ्रीव्हील हवंच असेल तर?

उलटे_आटे:
पाच नाही चालणार. फिक्स्डमध्ये दीडच्या आत ठेवा, नाहीतर आवाज आणि झीज. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या स्पिंडलला लांबीत २ मि.मी. वाढले की चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनचं अंतर) १ ने बाहेर जाते. १२२.५ चा घ्या, चेनलाइन ५०.७ च्या आसपास येईल. पण घेण्याआधी दोन्ही टोकं शेलपासून (बॉटम ब्रॅकेट बसतो तो फ्रेमचा आडवा पाइप) मोजा. काही कार्ट्रिजमध्ये (सीलबंद बॉटम ब्रॅकेट) उजवं टोक मुद्दाम लांब असतं आणि कार्ट्रिज फिरवून बसवता येत नाही, कारण कपाचे आटे.

फ्रीव्हीलसाठी बीएमएक्सचा (कसरतींची छोटी सायकल) डाव्या बाजूचा हब लागेल. ती मंडळी उजव्या बाजूने कठड्यावर घसरतात म्हणून चेन डावीकडे घेतात, त्यामुळे तसे हब खरोखर बनतात. पण मागची रुंदी ११० आणि एक्सल १४ मि.मी. तुमच्या फ्रेमचे स्लॉट कानसीने मोठे करावे लागतील, रुंदीही जुळणार नाही. या फ्रेमला नकोच.

यवतेश्वर_चढ:
साताऱ्याकडून ब्रेकबद्दल. कॉग डिस्कच्या जागी गेला म्हणजे मागचा डिस्क ब्रेक गेला. पुढचा डिस्क ठेवाच, आणि मागे व्ही-ब्रेकचे (रिमवर दाबणारा ब्रेक) खुंटे असतील तर तोही लावा. पायाने थांबवणं हा ब्रेक नव्हे; चेन उतरली की तोही गेला.

३२ ला १६ म्हणजे २६ इंची चाकाला एका फेरीत साधारण ४.१ मीटर. सांगलीत ठीक. मिनिटाला ७५ फेऱ्या म्हणजे ताशी १८ किलोमीटर. हीच सायकल कासच्या वाटेला यवतेश्वर घाटात आणली, तर उतरताना ४० च्या वेगाला पाय १६० च्या वर फिरतील. तिथे आणू नका.

डावी चेन डावं एक्सल पुढे ओढते. चेन ॲडजस्टर असेल तर तो डावीकडे हलवा. चेनला मधोमध एकूण १० ते १२ मि.मी. खेळ, आणि क्रँकची पूर्ण फेरी फिरवून सगळ्यात घट्ट जागी मोजा. स्लॉट पुरत नसेल तर लक्षात ठेवा, एक दाता कमी-जास्त केला की एक्सल ३.२ मि.मी. सरकतं.

कानस_आणि_लेथ:
एक राहिलं. एमटीबीत चेनव्हीलसाठी उजवा चेनस्टे बऱ्याचदा कारखान्यातच चेपलेला असतो, डावा नसतो. ३२ दाती चेनव्हीलचं टोक मध्यापासून ६९ मि.मी. वर येतं. डाव्या चेनस्टेवर तेवढ्या अंतरावर खूण करून १२२.५ च्या हिशोबाने पुठ्ठ्याची चकती फिरवून बघा. ३ मि.मी. फट हवी. कमी पडली तर चेनस्टे ठोकू नका, चेनव्हील २८ चं घ्या.

कृष्णाकाठ_सांगली:
पुठ्ठा फिरवला. फट ४ मि.मी. आहे. ड्रॉइंग काढायला घेतो, १६ चाच कॉग.