सोव्हिएत राजवटीत मध्य आशियातील मुस्लिमांचे धर्मजीवन टिकले कसे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
नमस्कार. लालबहादूर शास्त्रींच्या निधनामुळे ताश्कंद आपल्या घराघरांत माहीत आहे. तिथल्या धर्मजीवनाविषयी मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. मशिदी-मदरसे बंद झाले, वक्फच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या, तरीही १९९१ नंतर निकाह, रोजे, जनाजा हे सारे तिथे प्रचलित असल्याचे दिसले. ते नातवंडांपर्यंत पोहोचले कोणाच्या हातून?

उत्तर १ (वाशी)
सरकारमान्य वाट अगदी अरुंद होती. महायुद्धात जनतेचा पाठिंबा हवा म्हणून स्टालिनने १९४३ मध्ये ताश्कंदला मुफ्तींचे धार्मिक मंडळ स्थापू दिले आणि त्याच दशकात बुखाऱ्याचा मीर-ए-अरब मदरसा पुन्हा उघडला. पण कोट्यवधींच्या समाजाला मोजके इमाम पुरणार कसे? माझ्या मते खरा घाव लिपीचा होता. विसाच्या दशकाअखेर अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९४० च्या सुमारास सिरिलिक आली आणि आजोबांची पुस्तके घरात असूनही नातवाला वाचता येईनात.

उत्तर २ (कौसा, मुंब्रा)
आपल्या प्रश्नाचे उत्तर घरात आहे, आणि बरेचसे बायकांकडे आहे. आमच्याकडे मुली शेजारच्या आपांकडे कुराण शिकायला जातात, तसे तिथे ‘ओतिन’ म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रिया घरातल्या घरात शिकवत आणि बायकांच्या मजलिशींत पठण करत. सोव्हिएत सरकारच्या १९२७ च्या बुरखाविरोधी ‘हुजूम’ मोहिमेने बुरखे जाहीरपणे जाळायला लावले, बुरखा सोडणाऱ्या अनेक स्त्रियांचे त्यांच्याच समाजातील पुरुषांनी खून केले. या दुहेरी दहशतीतही ही परंपरा तुटली नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुरुषांमध्ये ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे येथील धर्मपंडित मुहम्मदजान हिंदुस्तानी यांचे नाव घ्यायलाच हवे: आपल्या देशात शिकल्यामुळे त्यांना हे नाव पडले, त्यांनी तुरुंगवास भोगला आणि सुटल्यावर गुपचूप विद्यार्थी घडवले. १९८९ मध्ये ते वारले.

प्रश्नकर्ता
आभार. मग आता हे सारे उघडपणे चालते का?

उत्तर १ (वाशी)
पूर्णपणे नाही. ताश्कंद-बुखारा ज्या देशात आहेत त्या उझबेकिस्तानात राष्ट्राध्यक्ष करीमोव्ह यांच्या काळात हजारो लोक धार्मिक कारणांवरून तुरुंगात गेले. २०१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर मोकळीक वाढली, पण परवानगीशिवाय घरी धर्मशिक्षण देणे आजही गुन्हाच आहे, म्हणजे ओतिनची शिकवणी अजूनही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकते. ताजिकिस्तानात तर २०११ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना मशिदीत जाण्यावर बंदी घातली.