बिल एक असलं तरी सवलत लाइनगणिक

घरात फोनच्या दोन लाइन असल्या आणि दोन्हींचं बिल एकत्र आलं, की लांब पल्ल्याच्या कॉलची सवलतही दोन्हींना आपोआप लागते, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात तरी तसं नव्हतं. 1984 मध्ये एटी अँड टी या बड्या फोन कंपनीचं विभाजन झालं, त्यानंतर लांब पल्ल्याच्या कॉलसाठी कोणती कंपनी घ्यायची हे ग्राहक निवडू लागला. पण ती निवड घराची नव्हे, एकेका नंबरची.

आम्ही न्यू जर्सीत मोडेमसाठी दुसरी लाइन घेतली होती. आईने एका रविवारी नेमका त्याच लाइनवरून पुण्याला फोन लावला. बिल एकाच पाकिटात आलं, पण दुसऱ्या पानावर पुण्याचा तोच नंबर पूर्ण दराने! सवलतीची योजना फक्त पहिल्या नंबरवर नोंदवलेली. फार जीवाला लागलं, कारण आई पुढे घाईघाईतच बोलायची.

तेव्हा प्रत्येक लाइनवरून 1-700-555-4141 फिरवलं की त्या लाइनची लांब पल्ल्याची कंपनी कळायची. आम्हाला हे उशिरा समजलं.

आणखी एक: 1998 पासून घरातल्या जादा लाइनवर कॉलच्या दरांव्यतिरिक्त लागणाऱ्या मासिक लाइन-आकाराची कमाल मर्यादा 3.50 वरून 5 डॉलर झाली. सवलतीचा हिशेब मांडताना हा आकार धरायलाच हवा होता.